उन्हावर चालणारं घर

(मांजरी येथे सहायकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या उपकारस्तुतीच्या दानातून कातकरी वाड्यांवर सौर दिवे द्यावेत, अशी सूचना तुमच्यापैकीच काहींनी केली आहे. सूचना चांगली आहे. त्यावर मत देण्याआधी मी आधी आमच्या घराबद्दल बोलणार आहे. कारण वाडीवरच्या दिव्याबद्दल आपण पटकन बोलतो, पण आपल्याच घरात रोज किती वीज लागते असं विचारलं, तर बिलाची रक्कम सांगतो. युनिट कुणी सांगत नाही. मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला तिथे व्होल्ट आणि अँपिअर शिकवत नव्हते, त्यामुळे हे सगळं मी वायरमनच्या मागे मागे फिरून शिकले आहे. तेव्हा शब्द सोपेच असतील.

मांजरीत आमचं घर तीन खोल्यांचं, वर मोकळी गच्ची. माणसं पाच. सासूबाई दिवसभर घरी असतात, म्हणजे पंखा दिवसभर चालू. सौर पॅनेल बसवायचं ठरल्यावर मी पहिल्यांदा वही घेतली आणि एकेका वस्तूसमोर तिचे वॅट आणि तास लिहिले. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, एवढंच गणित. पाच ट्यूब, वीस वॅटच्या, पाच तास: अर्धा युनिट. जुने पंखे तीन, पंच्याहत्तर वॅटचे, दहा तास: सव्वादोन युनिट. फ्रिज एक युनिट. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, कपड्यांचं मशीन मिळून सव्वा युनिट. आणि एकटा गिझर तासाभरात दोन युनिट! सगळं मिळून दिवसाला सात युनिट, महिन्याला दोनशे दहाच्या आसपास.

आता यात बघा. निम्म्याहून जास्त वीज दोनच गोष्टींत जात होती, पंख्यात आणि आंघोळीच्या पाण्यात. आम्ही पॅनेलच्या आधी पंखे बदलले. नवे बीएलडीसी पंखे तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. गिझर बंद करून गच्चीवर पाणी तापवायचा सौर बंब बसवला. त्यात वीज तयारच होत नाही. काचेच्या नळ्या, त्यात तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत जातं, थंड पाणी खाली येतं. बिघडण्यासारखं काही नाही, फक्त आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत साचतो, तो काढावा लागतो. एवढं केल्यावर सात युनिटांचे साडेतीनच्या थोडे वर झाले. अजून एकही पॅनेल लागलं नव्हतं.

हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे. कारण पॅनेल विकणारा तुम्हाला हे सांगणार नाही. तो सरळ तीन किलोवॅटपासून सुरुवात करतो. त्यालाही कारण आहे. १३ फेब्रुवारी २०२४ ला प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्यावर कितीही असलं तरी ७८,००० रुपये अनुदान आहे. मग लोकांना वाटतं, अनुदान जास्त मिळतंय तर तीनच बसवू. अहो, पण उरलेले पैसे तुमच्याच खिशातून जाणार! पुण्याच्या उन्हात एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं, महिन्याला एकशे वीस. आपला वापर किती ते बघा आणि तेवढंच घ्या. आम्ही दोन किलोवॅट घेतलं, कारण दुपारचा वरणभात मी आता विजेच्या शेगडीवर करते, ऊन असताना. त्याचे महिन्याला साठेक युनिट जातात, पण गॅसची टाकी जास्त दिवस पुरते.

जागा किती लागते? एका किलोवॅटला शंभर चौरस फूट धरा. तोंड दक्षिणेकडे, उतार आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे अठरा अंशांच्या जवळपास. सावली मात्र अजिबात नको. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या नारळाची एवढीशी सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या सगळ्या पॅनेलांचं काम मंदावतं. मांजरी जून २०२१ मध्ये महापालिकेत आली आणि आता आजूबाजूला इमारती कशा उभ्या राहताहेत ते तुम्ही बघताच. आज मोकळी असलेली बाजू पाच वर्षांनी मोकळी असेल का, हा विचार करून जागा ठरवा. आणि धूळ! बांधकामांची धूळ आणि कबुतरं या दोघांनी मला नोकरीला ठेवलंय. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, काच तापण्याआधी, साध्या पाण्याने धुवायचं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे भांडणंही सगळ्यांची असतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "ताई, तुमच्याकडे आता लाइट जातच नसेल ना?" जाते! अनुदानातली साधी यंत्रणा महावितरणच्या तारांना जोडलेली असते. दिवसा जास्त झालेली वीज बाहेर जाते, रात्री आपण बाहेरून घेतो, आणि मीटर दोन्ही मोजतो. एप्रिल-मेमध्ये जास्त गेलेली युनिटं आपल्या खात्यावर राहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कामाला येतात, कारण पावसात आमचं उत्पादन निम्म्याच्या आसपास उतरतं. मार्चअखेरीला हिशेब संपतो. पण बाहेरची लाइट गेली की आपली यंत्रणाही आपोआप बंद पडते, डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरी. कारण साधं आहे. लाइट गेली म्हणून खांबावर कुणी वायरमन चढलेला असेल आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज येत राहिली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून ती बंद पडायलाच हवी. ज्याला लाइट गेल्यावरही दिवे हवेत त्याने बॅटरी ठेवावी, आणि बॅटरी म्हटलं की खर्च आला, देखभाल आली. बिलही पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. "मोफत वीज" हे शब्द योजनेच्या नावात आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

बॅटरीचं गणित नीट ऐका, कारण पुढे वाडीवर तेच कामाला येणार आहे. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते. रोज तळापर्यंत उपसली तर वर्ष-दीड वर्षात मरते. निम्मीच वापरली तर चार-पाच वर्षं टिकते. म्हणजे हाताशी आलं ०.९ युनिट. तेवढ्यात दोन नवे पंखे आणि तीन एलईडी दिवे रात्रभर निघतात. आणखी काही नाही. शिवाय तिच्यात दर दोन-तीन महिन्यांनी शुद्ध पाणी भरावं लागतं आणि ती चार्ज न करता महिनोन्‌महिने पडू द्यायची नसते. दहा कुमारींच्या दाखल्यात सगळ्या जणींकडे दिवे होते, हे आपण नेहमी विसरतो. फरक तेलाचा होता. सौर दिव्यातलं तेल म्हणजे बॅटरी.

थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगते. आपल्याला वाटतं हे सगळं कालपरवाचं आहे. १८७८ साली मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने, तो न्यायालयात उपनिबंधक होता, उन्हावर स्वयंपाक करून दाखवला होता. आरसे लावलेली आठ कोनांची पेटी, आत भांडं, वर काच. सात शिपायांचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजली, आणि तीही जानेवारीत. त्याने त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याचं म्हणणं हेच होतं की या देशात लाकूडफाटा महाग आणि ऊन फुकट. मग पुढे काय झालं? काही नाही. पुढची शंभर वर्षं आपल्या बाया चुलीपुढे डोळे चोळत राहिल्या. त्यानंतर सरकारने सौर पेट्या आणल्या, आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांच्या माळ्यावर त्या अजून असतील. डाळभात त्यात उत्तम होतो, दोन-अडीच तास लागतात. पण भाकरी होत नाही, फोडणी होत नाही, आणि संध्याकाळचा स्वयंपाक संध्याकाळी होत नाही. घरातल्या बाईला न विचारता केलेली वस्तू माळ्यावरच जाते. याउलट शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून गच्चीवर त्र्याहत्तर मोठ्या तबकड्या आहेत, त्या उन्हावर वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचं जेवण शिजतं. तिथे ते चालतं, कारण स्वयंपाक दिवसाच होतो आणि तबकड्या सांभाळायला पगारी माणसं आहेत.

ही पगारी माणसं लक्षात ठेवा. आता वाडीवर येते.

कातकरी समाजाच्या वाड्या पुणे, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत आहेत. महाराष्ट्रात विशेष मागास म्हणून धरलेले आदिवासी गट तीन आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आपलं काम ज्या वाड्यांवर आहे त्यातल्या एकीत पूर्वी एका संस्थेने सौर खांब बसवले होते. संस्थेचं नाव घेत नाही, हेतू चांगलाच होता. उद्‌घाटनाला पाहुणे आले, फोटो निघाले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच खांबांपैकी एक लागत होता. बॅटऱ्या संपल्या होत्या. पॅनेल शाबूत होती, वर तशीच ऊन खात होती. एक आजी मला म्हणाली, "बाई, तो खांब लय चांगला हाये, शेरडू बांधाया व्हतो." ती चेष्टा करत नव्हती. शेळी खरंच बांधलेली होती.

हे का होतं? लोक आळशी आहेत म्हणून नाही, जे मी आपल्यातल्याही काहींच्या तोंडून ऐकलं आहे. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी-अधिक घरं बंद होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड विटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडाशी परत येतं. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने बॅटरीकडे बघायला कुणी नाही. पाणी आटतं, तारा उंदीर कुरतडतात, कधी पॅनेल चोरीला जातं. परत येतात तेव्हा पावसाळा, आभाळ भरलेलं, आणि दिव्याची खरी गरज तेव्हाच. साप-विंचवाचे दिवस तेच. कुडाच्या घरात रात्री पोर रडलं तर चाचपडत उठायचं आणि पाय कुठे पडेल ते देवाला ठाऊक. रेशनचं रॉकेल बंद होत गेल्यावर चिमणीसुद्धा महाग झाली.

तेव्हा दिवा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोणता, हा प्रश्न आहे. माझं म्हणणं, खांब नको, घराला ठोकलेली यंत्रणाही सरसकट नको. भट्टीवर जाताना भांड्यांच्या गाठोड्यात टाकून नेता येईल असा हातातला दिवा हवा. भट्टीवरच्या झोपडीत तर अंधार वाडीपेक्षा गडद असतो, आणि तिथे आपल्यातलं कुणी पोहोचत नाही. त्या दिव्यावर मोबाइल चार्ज झाला पाहिजे. मोबाइल म्हणजे चैन नव्हे. हिशेबाची उचल किती, खाडा किती, हे आता तरुण पोरी मोबाइलमध्ये लिहून ठेवतात. चार्ज करायला गावातल्या दुकानात जावं लागलं की दुकानदार पैसे घेतो आणि अर्धा दिवस जातो तो वेगळाच.

दुसरं, दुरुस्ती. यात आपल्याला शिकण्यासारखं काम झालेलं आहे. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये दहा लाख मुलांसाठी अभ्यासाचे सौर दिवे करायला घेतले. महाराष्ट्रातही ते वाटले गेले. मुलाकडून एकशे वीस रुपये घेत, फुकट देत नसत. आणि दिवा जोडायचं, विकायचं, दुरुस्त करायचं काम त्याच भागातल्या माणसांना शिकवलं. पुढे राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायांनी याच संस्थेच्या मदतीने स्वतःची कंपनी काढली, 'दुर्गा' नावाची, आणि त्या आज सौर पॅनेल तयार करतात. दिवा नव्हे, पॅनेल! या कामामागचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी २०२० च्या नोव्हेंबरपासून घरी गेलेले नाहीत. सौर पॅनेल लावलेल्या बसमध्येच राहतात, झोपतात, काम करतात, आणि २०३० पर्यंत घरी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे. एवढं टोकाचं आपल्याला जमणार नाही. पण त्यांचंही सांगणं तेच की आधी वापर कमी करा. आपल्याच पुण्यात बुधवार पेठेतल्या वाड्यात डॉ. हेमा साने यांनी गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पुस्तकं लिहिली, आणि आयुष्यभर घरात विजेची जोडणीच घेतली नाही. त्यांनी ते स्वखुशीने केलं. वाडीवरच्या माणसाला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती थोडी अप्रिय आहे. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. मीटर मागायला गेलं की जागेचा कागद मागतात, जमीनमालकाची ना-हरकत मागतात, आणि मालक ती देत नाही, कारण मीटर लागला की ताबा दिसतो. आपण तिथे दिवे वाटले की सगळे खूश होतात, मालकसुद्धा. मीटरचा विषयच संपतो! वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक किंवा ताबेदार, कुणाच्याही अर्जावर वीज द्यावी असं लिहिलेलं आहे. ताबेदार हा शब्द महत्त्वाचा. घर पिढ्यान्‌पिढ्या तिथे असेल तर राहणारा माणूस अर्ज करू शकतो. आपल्या दिव्यामुळे तो अर्ज मागे पडला, तर आपण त्या लोकांचं नुकसान केलं असं मी समजेन. ज्यांच्याकडे पक्कं छत आहे, मीटर आहे, त्यांना सरकार अठ्ठ्याहत्तर हजार देतं. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांच्या वाट्याला आपला दोन वर्षं टिकणारा दिवा, ही वाटणी मला बरी वाटत नाही.

ज्या वाड्यांपर्यंत तार पोहोचणंच कठीण आहे त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, ती आपल्याला माहीत असावी. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत या विशेष मागास गटांच्या घरांना ०.३ किलोवॅटची स्वतंत्र सौर यंत्रणा देण्याची तरतूद आहे, घरटी ५०,००० रुपयांपर्यंत. आता तुम्हीच गणित करा: ०.३ किलोवॅट म्हणजे दिवसाला सव्वा युनिटाच्या आत. चार दिवे, एक नवा पंखा, छोटा टीव्ही आणि मोबाइल एवढं त्यात बसतं. माझ्या घरातले गिझरचे दोन युनिट आठवा.

म्हणून माझी सूचना अशी. जमलेल्या पैशांतले निम्मेच दिव्यांवर खर्च करावेत. दिवा नाममात्र किमतीला द्यावा, ती किंमत वाडीच्या बायांच्या बचतगटाकडेच जमा राहावी आणि दुसरी बॅटरी त्यातून यावी. उरलेल्या निम्म्यातून वाडीतल्या दोन मुलींना दिवा उघडून दुरुस्त करायला शिकवावं. भट्टीला न जाता वाडीत राहता यावं म्हणून त्यांना महिन्याला काहीतरी हातात मिळालं पाहिजे. शिर्डीच्या तबकड्यांना पगारी माणूस लागतो, तर वाडीच्या दिव्यांना का नको? आणि मीटरचे अर्ज भरायला, पाठपुरावा करायला, महावितरणच्या कार्यालयात हेलपाटे घालायला आपल्यातल्या निवृत्त मंडळींपैकी कुणी यावं. तुम्हाला अर्ज इंग्रजीत सुद्धा लिहिता येतो, साहेबासमोर खुर्चीवर बसायची भीती वाटत नाही. ही देणगी पैशांपेक्षा मोठी होईल.

खांबासारखा याचा फोटो येणार नाही, हे मला माहीत आहे. त्रैमासिकात छापायला काही दिसायला पाहिजे, असं संपादक म्हणतीलही. त्यांना मी त्या शेळीचा फोटो देईन.

मागच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत आपल्या घरातल्या वस्तू, वॅट आणि तास लिहायचे रकाने आखलेले आहेत. ज्यांना गच्चीवर पॅनेल लावायचं आहे त्यांनी एक कागद फाडून न्यावा, भरून आणावा, मी बसून गणित करून देईन. दुसऱ्या वहीत मीटरच्या अर्जांसाठी येणाऱ्यांनी नाव आणि कोणता वार मोकळा आहे ते लिहावं. दिवाळीच्या आधी जायला हवं, नंतर वाडी रिकामी होते.